शंभर म्हणायच्या आधी

२ नोव्हेंबर, रविवार

'ताई, तू डोळे मिटून मोजतेस ना, तेव्हाच मी जागा बदलतो.' धाकटा भाऊ गौरांग सहा वर्षांचा असताना मला म्हणाला होता. आज खोकी सोडताना दिवसभर तेच आठवत होतं, आणि त्याला कारण आईचा चष्मा. स्वयंपाकघराच्या खोक्यात नाही, पुस्तकांच्या खोक्यात नाही, आणि शेवटी जे खोकं मी सगळ्यात आधी रिकामं केलं होतं त्याच्याच तळाशी निघाला. आई हसून हसून दमली.

कोटऱ्यातलं हे घर मला आवडलं. दुसरा मजला, दोन खोल्या, आईच्या खोलीला पश्चिमेची खिडकी. भिंतींना नुकताच फिका पिवळा रंग दिलाय. समोरच्या दारात शारदाताई राहतात. मूळ नागपूरच्या, यजमान सरकारी कचेरीबरोबर इकडे आले ते इथेच निवृत्त झाले. आम्ही मराठी आहोत कळल्यावर पोहे घेऊन आल्या. वरून शेव आणि शेजारी जिलबी. पोह्यांबरोबर जिलबी बघून आईने माझ्याकडे पाहिलं, तर त्या म्हणाल्या, 'खाऊन तर बघा जी, मीसुद्धा पहिल्या दिवशी असंच तोंड केलं होतं.' मी कामावर गेले की दुपारभर त्या आईपाशी बसतील असं ठरलं.

पुण्यातली नोकरी गेल्यावर आठ महिने घरी होते. चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कुणी बोलावेल असं वाटलं नव्हतं. आईने देवापुढे साखर ठेवली. उद्यापासून मंडीदीपला, नव्या ऑफिसात.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिस म्हणजे एका बंद पडलेल्या कारखान्याची शेड. आमचे मालक शैलेंद्र सर, त्यांच्या वडिलांचा कारखाना होता. एका बाजूला आम्ही सातजण बसतो, दुसऱ्या बाजूला काचेपलीकडे थंडगार खोलीत मशीनं. सर उंच, पांढरी दाढी, आवाज खर्जातला. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, 'मॅडम, यहाँ पहले चाय, फिर नमक.'

नमक म्हणजे आमचं काम. आईला समजावून सांगितलं ते इथेही लिहून ठेवते. जमिनीला वरून ठोका द्यायचा आणि खालून येणारा प्रतिध्वनी हजारो कानांनी ऐकायचा. हे कान म्हणजे जिओफोन, मातीत खोचलेले, ओळीने, प्रत्येकाला नंबर. त्या नोंदींवरून खालच्या थरांचं चित्र तयार होतं. थर आडवे असले तर काम सोपं. पण काही ठिकाणी खोल मिठाचा थर असतो, आणि वरच्या खडकाचं ओझं पडलं की मीठ मऊ होऊन लाखो वर्षांत वर चढत राहतं. खांबासारखं. त्या खांबाच्या बाजू इतक्या उभ्या असतात की ठोक्याचा आवाज त्यांना लागून भलतीकडेच जातो, वर परतत नाही. चित्रात तिथे नुसता धुरळा दिसतो. त्या कडेला तेल साठतं म्हणून कंपन्यांना नेमकी तीच कडा बघायची असते.

आता नवी पद्धत आहे. संगणकात नोंद उलटी चालवायची, शेवटच्या क्षणाकडून पहिल्याकडे, आणि ती लाट जमिनीत परत सोडायची. मग आवाज जिथून आला तिथे तो पुन्हा गोळा होतो. फक्त आधी आपणच सांगावं लागतं की मीठ कुठे आहे असं आपल्याला वाटतं, तेच मॉडेल. एक रन झाला की चित्र बघायचं, मिठाची रेघ दुरुस्त करायची, पुन्हा रन. या कामाच्या करारात असे दहा रन आहेत. शेवटच्या चित्रावरून विहिरीची जागा ठरेल.

मशीनं दीप्ती सांभाळते. इथल्याच अयोध्या नगरला वाढलेली, घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि माझ्याशी दोन्ही एकदम.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हे लिहावं की नाही, दोन दिवस विचार करते आहे.

सरांनी सांगितलं होतं की नोंदी जुन्या आहेत, तेरा वर्षांपूर्वीच्या, आखातापलीकडच्या एका देशातल्या. नव्या पद्धतीने पुन्हा बघायच्या. परवा मी फिल्डवरचे जुने कागद उघडले. तिसऱ्या पानावर नोंद घेणाऱ्याच्या सहीच्या जागी गौरांगची सही होती. 'ग'चा काना तो लांब खाली ओढायचा, तसाच.

तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता, तिथल्या टीमबरोबर मिठाच्या पठारावर. मी मुंबईत त्याच सर्व्हेच्या नोंदी तपासायला बसायचे. त्याला तिथे चिकटवलं होतं तेही मीच. एका दुपारी तीन स्टेशनं मला मुकी दिसली. ११४७, ११४८, ११४९. मी निरोप पाठवला: तीन जिओफोन बंद आहेत, कृपया जाऊन तपासा. घाई काहीच नव्हती. पण मी 'आजच' असा शब्द टाकला, कारण संध्याकाळी मला घरी लवकर जायचं होतं.

तो गेला. गाडी सापडली, तो नाही. वरची मिठाची साय कुठेकुठे पातळ असते, खाली चिखल. कंपनीवाले म्हणाले, शोधायला घरच्यांपैकी कुणी यायचं असेल तर तिकीट पाठवतो. बाबा आजारी होते. मी गेले नाही. कामाचं कारण सांगितलं. खरं म्हणजे मी त्या पठाराला घाबरले होते.

आईला फक्त एवढं माहीत आहे की अपघात झाला. निरोप कुणाचा होता हे मी तिला कधी सांगितलं नाही.

सोमवारी सरांना सांगायला हवं की हे काम मला नको.

१० नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं नाही.

पहिलं काम असतं नोंदी साफ करण्याचं. जिओफोनला सगळंच ऐकू येतं: वारा, गाड्या, जवळून जाणारा माणूस. पावलांचा आवाज आला की तेवढा तुकडा कापून टाकायचा, हा आमच्या कामातला पहिला धडा. मी स्वतः नव्या मुलांना तो शिकवलाय.

त्या संध्याकाळी यंत्रणा चालूच होती. मी ११४६ पासून बघत गेले. पावलं आहेत. एका माणसाची, दमदार, मधूनच एक लांब टांग, तो चालायचा तशी. ११४७ पाशी थांबतात. मग ते मुकं स्टेशन जिवंत होतं. जिओफोन चालतो का हे बघायला शेजारच्या जमिनीवर ठोकून पाहतात, सगळेच फिल्डवाले करतात. तसे ठोके. मी मोजले. दहा.

मग पावलं ११४९ कडे जातात. परत येत नाहीत.

कापायला कर्सर ठेवला होता. जगात त्याचं एवढंच उरलंय, हा विचार आला आणि मी तो तुकडा तसाच ठेवला. पुढच्या पायरीला पाठवून दिला.

घरी आल्यावर आईच्या पायांना तेल लावलं. तिने विचारलं, डोळे का लाल झाले? म्हटलं, तिथे फार थंडी असते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला रन आला. खांब छान दिसतोय, डावी कडा तर अपेक्षेपेक्षा स्वच्छ. सर खूश झाले, सगळ्यांना समोसे.

एकच गोष्ट. मिठाच्या आत, जिथे काहीच नसायला हवं, उजव्या उभ्या कडेला लागून एक ठिपका आहे. लहान, उजळ, तीन हजार चारशे मीटर खोल. ती माझी चूक असणार. न कापलेले ठोके कुठेतरी गोळा होणारच. पण ते ठोके जमिनीवर दिलेले होते. उलटे चालवले तर पृष्ठभागावर गोळा व्हायला हवेत. इतक्या खोल कसे?

शारदाताईंनी सांगितलं की आज दुपारी झोपेतून उठून आई 'दहा' म्हणाली. त्यांना वाटलं ती वेळ सांगते आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुसऱ्या रनमध्ये ठिपका दोन हजार नऊशे मीटरवर. त्याच कडेला, पण वर.

दीप्तीला विचारलं की मॉडेलला कुणी हात लावलाय का. ती जरा दुखावलीच. 'अरे यार ताई, मी क्यूं लावीन? रन सुरू झाला की मी तर बाहेर चाय पीत असते.' तिने सगळी यादी काढून दाखवली. कुणी काही बदललेलं नाही.

मी रन सोडते. मशीन दोन-तीन दिवस मोजत बसतं, मधलं काही दिसत नाही. मग डोळे उघडते तर तो दुसरीकडे.

नाशिकच्या क्वार्टर्समध्ये पाण्याच्या टाकीची भिंत हा आमचा भोज्या. ज्याच्यावर राज्य त्याने भिंतीला तोंड करून दहा, वीस, तीस करत शंभरपर्यंत म्हणायचं. दहा आकडे, दहा श्वास. इतर मुलं लपून बसायची. गौरांग शंभर व्हायच्या आत जागा बदलत बदलत जवळ यायचा आणि पाठीत धप्पा द्यायचा, की पुन्हा राज्य आपल्यावर. कुणी पडलं, कुणाला घरून हाक आली, की आम्ही मुठीवर थुंकल्यासारखं करून टाइमप्लीज म्हणायचो आणि खेळ थांबायचा. तो थांबायचा नाही. त्याने कुणालाच कधी टाइमप्लीज दिलं नाही. एकदा माझा गुडघा फुटला होता, रक्त वाहत होतं, तरी धप्पा.

काल दुपारी आई 'वीस' म्हणाली. मी घरातच होते. माझ्या कानांनी ऐकलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आईच्या पलंगामागच्या भिंतीला लोणा आलाय. तीन आठवड्यांपूर्वीचा रंग, आणि त्यातून पांढरी भुकटी फुटते. घरमालक म्हणाले की वरच्यांच्या नळाचं पाणी झिरपत असेल. वर जाऊन पाहिलं. त्यांच्याकडे त्या बाजूला नळच नाही.

आई सारखं पाणी मागते आणि पाणी खारट आहे म्हणून ठेवून देते. मी प्यायले, गोड होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. सोडियम एकशे सत्तेचाळीस. एकशे पंचेचाळीसच्या आत हवं. म्हणाले, वयाने तहान कळत नाही, पाणी पाजत राहा.

शारदाताई गंमतीने म्हणाल्या, 'बाप्पा, तुमच्या आई माझ्याशी कमी अन् भिंतीशी जास्त बोलतात. मला तर घरात सवत आल्यावानी वाटते.' मी हसले. नंतर विचारलं, काय बोलतात? बोलतात असं नाही, म्हणाल्या. कान लावून बसतात. आणि मधेच बोटाने ठोकतात.

किती वेळा ठोकते, हे विचारायचं धाडस झालं नाही.

तिसरा रन: दोन हजार पाचशे. आईचा काल 'तीस' झाला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज ते तुकडे कापले. पावलं, ठोके, सगळं. जे दोन आठवड्यांपूर्वी करायला हवं होतं ते. कापताना म्हटलं, सॉरी रे. शेजारी दीप्ती होती, तिने ऐकलं. तिने आपला चहा माझ्यापुढे सरकवला.

आता पुढच्या चित्रात ठिपका नसायला हवा. जे आत घातलंच नाही ते बाहेर कसं दिसेल?

चौथा मात्र आधीच झालाय. एक हजार नऊशे. आई, शनिवारी दुपारी, ताक पिता पिता: चाळीस.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दिसतोय.

कापूनही. एक हजार पाचशे मीटर. आणि आता तो ठिपका नाही. उभा आहे. कडेला बिलगून, उंच, मध्ये बारीक. सर म्हणाले की मिठात अडकलेला मातीचा तुकडा असेल, असं होतं कधीकधी, रेघ मारून मॉडेलमध्ये घेऊन टाका. मी नाही म्हटलं. मॉडेलमध्ये घेणं म्हणजे त्याला जागा देणं.

सरांनी मग स्वतःच रेघ मारली. तेवढी, त्याच आकाराची.

आईचं सोडियम एकशे त्रेपन्न. रात्रभर हॉस्पिटलमध्ये सलाईन लावलं, सकाळी उतरलं. घरी येऊन पलंगावर बसली, 'पन्नास' म्हणाली आणि दुपारपर्यंत ओठ पुन्हा सुकले, पांढरे. मी बोटाने पुसले आणि बोट जिभेला लावलं.

मीठ.

तिला म्हटलं, आपण पुण्याला जाऊ, काही दिवस. तिने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी काहीतरी लाजिरवाणं बोलले. 'आणि तो आला, आणि मी इथे नसले तर?'

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सहावा. एक हजार. सरांच्या रेघेमुळे तो आता अगदी स्पष्ट आहे.

एक पाय दुसऱ्यापुढे टाकलेला.

साठ.

लोणा आता खांद्याएवढा उंच. भिंत मऊ झाली आहे. आईच्या बोटांचे खड्डे आहेत तिच्यात. खोल. आज मी माझं बोट एका खड्ड्यात घालून पाहिलं. पेरापर्यंत गेलं, आणि आत गार नव्हतं. कोमट होतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सरांना सगळं सांगितलं. सही, निरोप, 'आजच', न कापलेली पावलं. आईचे आकडे. म्हटलं, दहावा रन करू नका. नऊवर थांबा, हवं तर पैसे देऊ नका मला.

त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. दाराला कडी लावून ऐकलं. मग माझ्यासाठी पाणी मागवलं. म्हणाले, मॅडम, माझाही धाकटा भाऊ गेलाय, मला कळतं. तुम्ही हे काम घ्यायलाच नको होतं, आणि मी विचारायला हवं होतं. आजपासून सुट्टी, आईजवळ बसा. पण करारात दहा आहेत, म्हणजे दहा. त्या चित्रावर लोक विहीर खणणार आहेत. अर्धवट चित्र दिलं आणि तिथे काही झालं तर तेही कुणाचे भाऊच असतील.

बरोबर आहे त्यांचं.

उरलेले रन त्यांनी साखळीत लावले आहेत. एक संपला की दुसरा आपोआप. मधे रेघ दुरुस्त करायलाही कुणी बसणार नाही.

१ डिसेंबर, सोमवार

सातवा. दीप्तीला फोन करून विचारलं. तिने आधी टाळलं. मग म्हणाली, सातशे. मग म्हणाली, 'ताई, एक विचारू? याचं तोंड आपल्याकडे वळलंय का?'

सोडियम एकशे अठ्ठावन्न. डॉक्टर माझ्यावरच चिडले, की आईला घरात मीठ चारता का? ॲडमिट करा म्हणाले, आई यायलाच तयार नाही.

मी पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर आणला. दुपारी डोळा लागला माझा, दहा मिनिटं. उठले तर आई पलंगावर नव्हती. भिंतीपाशी उभी. कपाळ भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले, दोन्ही हात डोळ्यांच्या बाजूंना. आम्ही टाकीपाशी उभे राहायचो तशी.

सत्तर, म्हणाली.

३ डिसेंबर, बुधवार

आठवा झाला. ऐंशी. किती मीटर ते विचारलं नाही.

आज आईला सांगितलं. तिच्या मागे जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. की निरोप माझा होता. की मी त्याला पाठवलं.

तिने भिंतीवरून कपाळ उचललं नाही. शांतपणे म्हणाली, 'माहीत आहे गं. तीन बंद पडले होते ना?'

तीन. हा आकडा मी तिला आत्ता सांगितला नव्हता. फक्त जिओफोन म्हणाले होते. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं—

मी विचारलं, चिडलाय का तो?

'नाही. पाठवलंस त्याचं काही नाही म्हणतो. म्हणतो, ताई शोधायला आलीच नाही. राज्य तिच्यावर होतं आणि ती घरी निघून गेली.'

मग हसली. तो लहानपणी काही चावट बोलला की हसायची तसं.

४ डिसेंबर, गुरुवार

हॉस्पिटलमध्ये न्यायचंच असं ठरवलं. शारदाताई आणि मी दोघींनी धरलं. हलत नाही. सत्तेचाळीस किलोची बाई. हात भिंतीत मनगटापर्यंत—

ओढले तर ती किंचाळली. भिंत नाही, ती. सोडून दिलं.

शारदाताई गेल्या नाहीत. चमच्याने पाणी पाजतात. पाणी गालावर येतं आणि वाळून पांढरं होतं.

नववा, एकाच दिवसात. दीप्तीचा फोन. एकशे वीस मीटर. रडत होती. सरांना न विचारता साखळी तोडायचा प्रयत्न केला म्हणाली. बटण दाबलं, यादीतून नाव गेलं, मशीन चालूच. 'प्लग भी निकाला, ताई.'

नव्वद.

एकच राहिला.

५ डिसेंबर, शुक्रवार, दुपार

अँब्युलन्स बोलावली आहे. भिंत फोडायला दोन माणसंही. शारदाताई खाली रस्त्यावर उभ्या आहेत, गल्ली दाखवायला. मी आईच्या शेजारी. वही गुडघ्यावर.

आईचा श्वास वाळूसारखा वाजतो. 'नव्वद'नंतर काही बोललेली नाही. ओठ मात्र हलतात. श—

मी हाताने तोंड दाबलं तिचं. देवा, मी माझ्या आईचं तोंड—

सोडलं. तिला श्वास घेता येत नव्हता.

पावलं. खालून नाहीत. भिंतीतून. दमदार, मधेच एक लांब टांग. मला ओळखता येतात. कापायची असतात ती. मी शिकवलंय सगळ्यांना.

आता थांबली.

ठोके. मोजत नाही. मोजणार नाही—

सात. आठ.

मीपण भिंतीला कपाळ टेकलंय. आईच्या खांद्याला खांदा लावून. वही भिंतीवर धरून लिहिते, अक्षर वाकडं येतंय. इथे कोमट आहे. गौरांग, ऐक. राज्य माझ्यावर आहे. तेरा वर्षं माझ्यावरच आहे. आई नुसती माझ्या बदली उभी राहिली. तिला कुठे पळता येतं. मी डोळे मिटते, मी शंभर म्हणते, मी येते शोधायला, या वेळी खरंच येते, घरी जाणार नाही. धप्पा मला दे. फक्त ती खाली अँब्युलन्स येईपर्यंत, दोन मिनिटं—

डोळे मिटते आहे.

मूठ वर केली आहे बघ. टाइमप्लीज. तू कुणालाच देत नाहीस, मला माहीत आहे, तरी, आईसाठी, एकदाच, टाइमप्ली